क्रॉइटर शोधण्याचे दिवस

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एखाद्या सकाळी माझा नवरा मार्टिन घरातलं हीटिंग पहिल्यांदा सुरू करतो. उन्हाळाभर रेडिएटरवर बसलेली धूळ तापते आणि खोल्यांमधून एक कोरडा, किंचित जळका वास फिरायला लागतो. मार्टिनला तो अजिबात आवडत नाही, तो लगेच खिडकी उघडतो. मी ती हळूच लोटून घेते. त्या वासाबरोबर मला माझ्या सासऱ्यांच्या घराची मागची खोली आठवते. खिडकीबाहेर सफरचंदाचं वाकलेलं झाड, टेबलावर वर्तमानपत्रावर पसरून ठेवलेली डागाळलेली सफरचंदं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर कुठल्याशा जर्मन पाद्र्याचं पिवळट पानावरचं तिरपं अक्षर. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा शरद ऋतू आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि सासऱ्यांनी, त्या अक्षरात घालवला.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पुन्हा एकदा तापलेलं ऊन, कापसाची पहिली वेचणी, कोरड्या बोंडांनी ओरबाडलेली बायांची बोटं. पानं गळतात ती एप्रिलच्या तोंडावर, आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. लीड्सला येऊन इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी धरली, त्या पहिल्या वर्षी मला इथल्या लोकांचं पानं बघायला मुद्दाम बागेत जाणं फार गमतीचं वाटलं होतं. आता मीही जाते. ओल्या पानांवरून चालताना आवाज होत नाही, हे मला अजूनही चुकल्यासारखं वाटतं.

सासऱ्यांचं नाव रेमंड क्राउदर. सगळे त्यांना रे म्हणतात. लग्नानंतर मार्टिनने सांगितलं, तूही रेच म्हण. मला ते कधीच जमलं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला तोंडावर नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच अडते. कितीतरी महिने मी त्यांना कुठलीच हाक न मारता, खोकून किंवा 'एक्सक्यूज मी' म्हणून काम चालवलं. शेवटी 'डॅड'वर गाडी थांबली. इंग्रजीत एकच 'यू' असला तरी त्यांच्याशी बोलताना मी तो मनात 'तुम्ही' असाच म्हणते. ते मला 'लव्ह' म्हणतात. पण इथे यॉर्कशायरमध्ये बसचा ड्रायव्हरही लव्हच म्हणतो, त्यामुळे त्यातून काही समजायचं नसतं. ते शाळेत भूगोल शिकवायचे. बोलणं मोजकं. माझ्या हातची डाळ पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ते म्हणाले होते, "नॉट बॅड." ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. नजरेच्या कडा शाबूत होत्या, पण मधोमध धूसर डाग पडत चालला होता. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन जायची. एकदा परत येताना मी विचारलं, "आता नेमकं कसं दिसतं?"

"तुझा चेहरा सोडून बाकीची सगळी तू दिसतेस, लव्ह," ते म्हणाले.

मी गाडी चालवत राहिले. वायपर काचेवरची पानं बाजूला सारत होते. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "माझ्या आजोबांचं आडनाव क्राउदर नव्हतं."

"मग काय होतं?"

"क्रॉइटर. जर्मन होते ते. माझ्या वडिलांनी हा विषय घरात कधी काढूच दिला नाही. मला आत्याने सांगितलं, तेही अगदी तिच्या शेवटी. ते नाव कुठेतरी लिहिलेलं एकदा बघायचं आहे मला. डोळे आहेत तोवर."

इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

आत्याने सांगितलेली गोष्ट एवढीच होती. आजोबा तरुणपणी बोटीने आले आणि इथे त्यांनी डुकराच्या मांसाचं, सॉसेजचं दुकान काढलं. त्या काळी यॉर्कशायरमध्ये असे कितीतरी जर्मन खाटीक होते; दक्षिण जर्मनीतल्या एकाच भागातून, एकमेकांच्या ओळखीने आलेले. दुकान चांगलं चाललं. यॉर्कशायरच्याच मुलीशी लग्न झालं, मुलं झाली. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि एका दुपारी जमाव आला. त्यात रोजची गिऱ्हाइकंही होती. दुकानाची काच फुटली, टांगलेलं मांस रस्त्यावर आलं. आजी मुलांना घेऊन मागच्या कोळशाच्या खोलीत बसली. त्यानंतर दारावरची पाटी रंगवून नवीन लिहिली गेली, क्राउदर. आवाजाला जवळचं आणि यॉर्कशायरमध्ये गल्लोगल्ली सापडणारं आडनाव. आणि आजोबा योहान फ्रीडरिशचे फ्रेड झाले.

"मी लहान असताना त्यांना विचारायचो, ग्रँडॅड, तुम्ही कुठले?" सासरे सांगत होते. "ते म्हणायचे, हलचा. मला वाटायचं, तिथे कुणी नातेवाईक असतील. आत्याने सांगितलं तेव्हा उमगलं, बोट हल बंदराला लागली होती! जन्मभर भूगोल शिकवला मी. जर्मनीतल्या नद्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. आणि माझा आजोबा त्यातल्या कुठल्या नदीकाठचा, ते मला ठाऊक नाही."

दुकानाच्या मागच्या खोलीत सॉसेज मोजताना आजोबा ओठातल्या ओठात कुठल्यातरी वेगळ्या भाषेत मोजायचे, हेही त्यांना आठवत होतं. मला ते लगेच पटलं. इतकी वर्षं इंग्रजीत काम करूनही मी लॅबमधल्या बशीवरचे जंतूंचे ठिपके 'एक, दोन, तीन' असेच मोजते.

गावाचं नाव मिळाल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं, आणि ते अनपेक्षितपणे लवकर मिळालं. शेजारच्या शहरात एके काळी जर्मन लोकांचं छोटं चर्च होतं. ते केव्हाच बंद झालं, पण त्याची जुनी दप्तरं सरकारी अभिलेखागारात जपलेली होती. तिथल्या लग्नाच्या नोंदीत नवऱ्या मुलाच्या नावापुढे पाद्र्याने त्याचं जन्मगावही घातलं होतं. नीडरबाख. नकाशावर बोटाच्या नखाखाली झाकलं जाईल एवढं खेडं. त्या भागातल्या चर्चांच्या जुन्या नोंदींची छायाचित्रं पैसे भरून घरबसल्या बघता येतात. मग दर शनिवारी दुपारी मी सासऱ्यांकडे जायला लागले. मार्टिन आम्हाला हसायचा. "दोघांनी मिळून शेवटी एखादा सरदार शोधून काढा," म्हणायचा, आणि बागेतली पानं गोळा करायला निघून जायचा.

पहिल्या दिवशी ते अक्षर बघून मला घामच फुटला. तिथला 'ई' आपल्या ओळखीच्या 'एन'सारखा, 'एस' 'एफ'सारखा, आणि 'एच'ची शेपटी थेट खालच्या ओळीत. पण जंतू ओळखायचं माझं काम असंच असतं. आधी नुसती गर्दी दिसते. रोज बघत राहिलं की एकेकाचं वळण कळतं, आणि मग त्याला चुकता येत नाही. मी एकेक अक्षर मोठं करून कागदावर गिरवायची. सासरे सफरचंदं सोलत बसायचे. डोळ्यांशिवाय जमणारं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांच्यावर पिठाचा गोड चुरा घालून केलेलं क्रम्बल ओव्हनमध्ये गेलं की दालचिनीचा वास यायचा आणि मी नावं वाचायची. बार्बरा. गेऑर्ग मिशाएल. आना मारिया. विणकर, मेंढपाळ, खाटीक. पाद्र्याने एखाद्याच्या मृत्यूचं कारण लिहिलेलं असायचं, एखाद्या बाळंतिणीपुढे दोन ओळी जास्त असायच्या. शेकडो वर्षं कुणीतरी रोज बसून खेड्यातल्या साध्या माणसांचं येणं-जाणं टिपून ठेवलं होतं. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो वाटतोय हे कळून जरा ओशाळल्यासारखंही व्हायचं.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा ते सापडले. योहान फ्रीडरिश क्रॉइटर, बापाचं नाव गेऑर्ग मिशाएल, धंदा खाटकाचा. मी इतक्या मोठ्याने ओरडले की मार्टिन पानं ओढायच्या पंज्यासकट आत आला. सासऱ्यांनी कपाटातली शेरी काढली. पेले भरेपर्यंत मी पुढचं पान उघडलं होतं, आणि तिथे मृत्यूच्या नोंदींमध्ये तेच नाव. बाळ काही आठवड्यांतच गेलं होतं.

"दुसरं कुणी असेल," मार्टिन म्हणाला.

दुसरं कुणी नव्हतं. आई तीच, बाप तोच. सासऱ्यांनी पेला तसाच टेबलावर ठेवला. मग मी त्याच आईबापांची नावं धरून पुढची पानं चाळत गेले, आणि दोन वर्षांनंतरच्या पानावर पुन्हा तेच नाव आलं. योहान फ्रीडरिश. गेलेल्या बाळाचं नाव त्यांनी पुढच्या मुलाला दिलं होतं. वर्षही लग्नाच्या नोंदीतल्या वयाशी जुळत होतं.

"हेच तुमचे आजोबा," मी म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले. पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. त्यांना नजरेच्या कडेने बघायचं होतं, म्हणून मान वाकडी करून. मी नाव मोठं करत गेले, आणखी मोठं, शेवटी पडद्यावर एकच अक्षर उरलं. 'के'. मग मी एकेक अक्षर पुढे सरकवत राहिले आणि ते प्रत्येकावर बोट ठेवत गेले. संपल्यावर म्हणाले, "पहिल्या फ्रेडबद्दल कुणाला माहीतच नव्हतं. आज निदान आपल्याला कळलं." मग त्यांनी शेरी घेतली. दोघांच्या नावाने.

आमच्याकडे एकामागून एक मुलं जायला लागली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडू नये, असं मी त्यांना सांगितलं. तिकडे नाव टिकवण्यासाठी पुन्हा ठेवायचे आणि इकडे पोर टिकावं म्हणून नावच टाकून द्यायचे. दुःख एकच. सासरे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं, "मग आता तुझी माणसं शोधायची का? तुमच्याकडेही काही नोंदी असतील ना."

आणि मी त्यांना जे सांगितलं, ते मार्टिनलाही पूर्ण सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे पूर्वजांच्या नावांच्या वह्या ठेवणारे लोक तीर्थाच्या गावी असतात, पण त्यांच्या वह्यांत आमची माणसं नाहीत. आम्हाला त्यांनी पायरीही चढू दिली नसती. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्म घेतला आणि गावाने लावलेलं जुनं नाव टाकून दिलं. पण मला राखीव जागेवर प्रवेश मिळाला तेव्हा तीच जुनी जात सिद्ध करावी लागली. भर उन्हाळ्यात बाबा तालुक्याच्या कचेरीत जुनं कोतवाल बुक शोधत फिरले. गावच्या जन्म-मृत्यूची ती वही मोडी लिपीत होती. मोडी वाचणाऱ्याला बसवून नक्कल काढली. मी बाबांच्या बाजूला उभी होते. आजोबांचं नाव वाचून झाल्यावर त्या माणसाने जात इतक्या मोठ्याने वाचली की बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. बाबा एस.टी.त मेकॅनिक होते. इंजिनाला न घाबरणारा माझा बाप कागदाची घडी घालताना नजर वर करत नव्हता. पूर्वजांचा शोध म्हणजे माझ्यासाठी तेवढंच होतं.

सासरे म्हणाले, "हे सगळं करताना तुला त्रास होत असेल. आधी सांगायचं होतंस."

"नाही हो," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला ते खरं असल्याचं जाणवलं. "जुन्या वहीत नाव शोधताना आनंद होऊ शकतो, हे मला पहिल्यांदाच कळतंय."

"माझ्या आजोबांनी भीतीने नाव बदललं," ते हळू म्हणाले. "तुझ्या आजोबांनी बदललं तेव्हा त्यांची मान वर होती. मोठा फरक आहे, लव्ह."

त्या 'लव्ह'मधून मात्र काही समजायचं होतं.

नोव्हेंबरमध्ये नीडरबाखच्या चर्चला आम्ही ईमेल पाठवली. तिथल्या पाद्री हाइके नावाच्या बाई होत्या, त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी चर्चमधली कुटुंबांची वही स्वतः उघडून पाहिली होती. त्यात योहान फ्रीडरिशच्या सगळ्या भावंडांपुढे लग्न, मुलं, मृत्यू असं सगळं भरलेलं होतं. त्याच्यापुढे फक्त 'इंग्लंडला' एवढा शब्द आणि पुढची जागा कोरी. नोव्हेंबरच्या शेवटाकडच्या एका रविवारी तिथे वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून दिवा लावतात, शिवाय कुणाला आणखी कुणाची आठवण असेल तर तेही नाव घेतात. 'तुम्ही याल का?' त्यांनी विचारलं होतं. 'तुमच्या आजोबांच्या मृत्यूची बातमी या गावाला अजून मिळालेली नाही.'

सासरे म्हणाले, "नॉट बॅड." आणि पासपोर्ट शोधायला उठले.

आम्ही तिघे गेलो. विमानतळावरून मार्टिनने भाड्याची गाडी चालवली. बीच नावाच्या झाडांची उरलीसुरली तांबूस पानं, उतारावरच्या फळबागा, सपाट्यावर धुकं. सासरे काच खाली करून थंडी आत घेत बसले. मी डोळ्यांना दिसेल ते सांगत होते आणि ते दुरुस्त करत होते, "ती नदी उत्तरेकडे वाहत असणार. बघ बरं." वाहत होती. गावातल्या खानावळीत त्यांच्यापुढे सॉसेज आलं. एक घास घेतला आणि त्यांनी काटा खाली ठेवला. मला वाटलं, लागलं काही. "हा मसाला," ते म्हणाले, "रविवारी आजीच्या स्वयंपाकघरात हाच वास यायचा. मी समजायचो, तो यॉर्कशायरचा आहे." मग त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं, आणि पुन्हा एक मागवलं.

आता ते आमच्याकडेच राहतात. डोळ्यांपुढचा डाग वाढत वाढत कडेपर्यंत गेला. स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसतात, रेडिओ ऐकतात, माझ्या फोडणीच्या आवाजावरून मोहरी तडतडली की जिरं टाकायची वेळ सांगतात. मी लॅबमधून दमून येते तेव्हा कधी कधी वाटतं, त्या ऑक्टोबरमध्ये ते गाडीत गप्पच राहिले असते तर आम्ही दोघं आजही एकमेकांशी हवापाण्याबद्दल बोलत बसलो असतो. चांगल्या घरात, चांगल्या माणसांबरोबर, पाहुण्यासारखी मी राहिले असते. ती वेळ आली नाही याबद्दल नेमके कुणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही. कुठल्याशा पाद्र्याचे, ज्याने बोरू झिजवून खाटकाच्या पोराचं नाव दोनदा लिहिलं, त्याचेच मानावेत कदाचित.

नीडरबाखमध्ये त्या रविवारच्या आदल्या दुपारी हाइकेबाई आम्हाला भेटायला खानावळीत आल्या होत्या. काळा स्वेटर, पायात चिखलाचे बूट. कॉफी घेता घेता त्यांनी आजोबांचं नाव सासऱ्यांकडून नीट लिहून घेतलं. वही बंद करणार तेवढ्यात सासरे म्हणाले, "आणखी एक नाव घ्याल का? माझ्या सुनेच्या घरातलं. तिच्या माणसांची नावं कुणी आदराने लिहिली नाहीत." आणि माझ्याकडे वळून, "सगळ्यांत जुनं नाव कुठलं आठवतं तुमच्या घरात?"

ते बाबांनाच ठाऊक असणार. मी बाहेर अंगणात जाऊन अकोल्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे टीव्ही चालू होता. मी बाबांना सगळं सांगितलं.

"चर्चमध्ये?" बाबा म्हणाले. "आपण बुद्धाचे, पोरी."

"त्यांना ते माहीत आहे, बाबा. नुसतं नाव घेणार आहेत."

टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. "माझी आजी," ते म्हणाले. "मला पाठीवर घेऊन शाळेत सोडायची आणि सुटेपर्यंत बाहेर बाभळीखाली बसून राहायची. कागदावर तिचं नाव भागी आहे. गावात सगळे भागीच म्हणत, लेकरंसुद्धा. पाटलाच्या बायकोला मात्र बाई. तू भागी सांगू नको. भागीरथाबाई सांग. पूर्ण सांग."

रविवारी सकाळी चर्च गारठलेलं होतं. तोंडातून वाफ निघत होती. पुढच्या बाकांवर त्या वर्षी माणूस गमावलेली घरं बसली होती, आम्ही त्यांच्या मागे. एकेक नाव घेतलं जाई, कुणीतरी उठून मेणबत्ती लावी. "योहान फ्रीडरिश क्रॉइटर," हाइकेबाई म्हणाल्या, "लीड्स." सासरे उठून उभे राहिले. मार्टिनने त्यांचा हात धरला, पण त्यांनी तो हलकेच सोडवला आणि माझा दंड धरला. आम्ही दोघं पुढे गेलो. वात कुठे आहे ते त्यांना नेमकं दिसत नव्हतं, मी त्यांचा हात तिथपर्यंत नेला.

आम्ही मागे वळणार तेवढ्यात हाइकेबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. पहिल्यांदा त्यांना ते नाव नीट म्हणता आलं नाही. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरुवातीपासून, एकेक अक्षर तोडत, शेवटपर्यंत म्हणाल्या. मी दुसरी मेणबत्ती लावली. सासऱ्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

बाहेर आल्याबरोबर मी फोन केला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"घेतलं का नाव?"

"घेतलं, बाबा. सगळ्या लोकांसमोर."

"बाई म्हणाले का पण?"

"हो बाबा," मी म्हणाले. "बाई म्हणाले."